एसटीआयची टेस्ट करायचीय? आधी तारीख लिहून काढा

एसटीआय म्हणजे लैंगिक संबंधांतून लागणारे आजार. सगळ्यात आधी एक कागद घ्या नाहीतर फोनमध्ये नोट उघडा आणि दोन गोष्टी लिहा, शेवटचा कंडोमशिवाय संबंध आला ती तारीख, आणि तो कसा होता ते, म्हणजे योनीतून, तोंडाने, गुदद्वारातून, जे काही असेल ते. लाज वाटत असेल तर खुणेने लिहा पण लिहा. आत्तापर्यंत ज्या मैत्रिणींनी, ऑफिसातल्या पोरांनी आणि एकदा तर सख्ख्या मावसभावाने रात्री अकराला फोन करून "टेस्ट कुठली करू गं" असं विचारलंय त्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारते, किती दिवस झाले? कारण या सगळ्या टेस्ट दिवसांच्या हिशोबावर चालतात. चुकीच्या दिवशी केलेली चांगली टेस्टसुद्धा खोटा दिलासा देते. मी स्वतः घरातल्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने एक टिंब करून ठेवलं होतं, कुणाला कळत नाही आणि दिवस मोजायला सोपं जातं.

आता दिवस बघा. ७२ तास व्हायचेत का? मग हे पुढचं नंतर वाचा, आत्ता उठा आणि दवाखान्यात जा. एचआयव्हीचा धोका वाटत असेल, कंडोम फाटला, समोरच्याचं काही माहीत नाही, जबरदस्ती झाली, तर पेप नावाच्या गोळ्या असतात, त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि जितक्या लवकर तितकं चांगलं, पहिल्या काही तासांत झालं तर उत्तमच. कोर्स २८ दिवसांचा असतो आणि मध्ये सोडायचा नाही. मोठ्या सरकारी हॉस्पिटलला एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र असतं तिथे विचारा, रात्र असेल तर कॅज्युअल्टीत जा, तिथे टोलवाटोलवी झाली तर खासगी एमडी फिजिशियनकडून लिहून घ्या पण "सोमवारी बघू" करू नका. जबरदस्ती झाली असेल तर कुठल्याही हॉस्पिटलला, खासगी असलं तरी, मोफत उपचार द्यावेच लागतात, कायदाच आहे तसा. आणि एक, आय-पिल घेतली म्हणजे झालं असं खूप मुलींना वाटतं, ती गोळी फक्त गरोदरपण टाळायला आहे, आजाराशी तिचा काही संबंध नाही.

७२ तास उलटून गेले असतील तर आता घाई नाही, हिशोब आहे. शरीरात जंतू शिरल्यापासून तो टेस्टमध्ये दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला विंडो पिरियड म्हणतात आणि तो प्रत्येक आजाराचा वेगळा. गनोरिया आणि क्लॅमिडियाची पीसीआर टेस्ट साधारण दोन आठवड्यांनी केली की भरवशाची. एचआयव्हीची लॅबमधली फोर्थ जनरेशन टेस्ट, म्हणजे ज्यात अँटिबॉडी आणि पी-२४ अँटिजेन दोन्ही बघतात, ती ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली तर खात्रीची. साधी रॅपिड टेस्ट, बोटातून रक्त घेऊन करतात ती, तिला ९० दिवस द्यायचे. सिफिलिस म्हणजे आपली जुनी माणसं ज्याला गरमी म्हणायची, त्याची व्हीडीआरएल बहुतेकांची तीन ते सहा आठवड्यांत दिसायला लागते पण शेवटची खात्री तीन महिन्यांनी. हिपॅटायटिस बी आणि सी पण तीन महिन्यांच्या हिशोबात धरा. म्हणून मी लोकांना सांगते की दोन फेऱ्या मारा, एक दोन-तीन आठवड्यांनी आणि दुसरी तीन महिने पूर्ण झाल्यावर. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन एचआयव्ही निगेटिव्ह आलं म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही, तो रिपोर्ट त्या रात्रीचा नसतोच, तो त्याच्या आधीच्या आयुष्याचा असतो.

याच कारणासाठी एक हात जोडून विनंती आहे. टेस्ट करून घ्यायची म्हणून रक्तदान शिबिरात जाऊन झोपू नका. रक्तपेढीत एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया तपासतात हे खरं, पण तुम्ही विंडो पिरियडमध्ये असाल तर टेस्ट निगेटिव्ह येईल आणि ते रक्त कुणा बाळंतिणीला नाहीतर थॅलेसेमियाच्या लेकराला चढेल. गणेशोत्सवात मंडळाचं शिबिर असतं, फुकट चेकअप होतो म्हणून जाणारी पोरं मी बघितलीयेत. फुकट टेस्ट सरकारी केंद्रात आहेच, तिथे जा.

आणि दुसरी विनंती, मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी घेऊ नका. हे मी अनुभवाने सांगतेय. २९ वर्षांची होते, तेव्हाच्या माझ्या पार्टनरचा फोन आला की मला लघवीला जळजळ होतेय, पू पण येतोय, डॉक्टरने औषध दिलंय, तू पण दाखवून घे. मला काहीच होत नव्हतं. दाखवायला जायची इतकी भीती वाटली की मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन त्याच्या चिठ्ठीचा फोटो दाखवून त्याच गोळ्या आणल्या आणि दोन घेतल्या, बाकीच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात राहिल्या. दहा-बारा दिवसांनी मन खायला लागलं म्हणून डॉक्टरांकडे गेले, टेस्ट निगेटिव्ह आली. मॅडमनी रिपोर्ट बघितला, गोळ्यांचं विचारलं, मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "आता या रिपोर्टवरून मी तुला काहीच सांगू शकत नाही. होतं आणि अर्धं मेलं, की नव्हतंच, कसं कळणार?" शेवटी पूर्ण कोर्स घ्यावा लागला आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट. गनोरियाचे जंतू तर इतक्या अँटिबायोटिक्सना सरावलेत की जुनी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी गोळी आता बहुतेक वेळा लागूच पडत नाही. जळजळ दोन दिवस कमी होते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि आत काम चालूच राहतं.

बायकांच्या बाबतीत तर हे फारच वाईट. क्लॅमिडिया बहुतेक बायकांना कळतच नाही. ना दुखत, ना खाजत. वर्ष दोन वर्षं तसाच राहू शकतो, काही जणींच्यात वर सरकतो, गर्भनलिकांना सूज येते आणि मग लग्नानंतर पाच वर्षं मूल होत नाही म्हणून देवदेव, उपासतापास, सोनोग्राफ्या, आणि शेवटी कळतं दोन्ही नळ्या बंद आहेत. पांढरं जाणं हे आपल्याकडे बाईच्या नशिबातच लिहिलेलं असल्यासारखं धरतात, आईपण म्हणते मलाही जायचं, अंगात उष्णता असेल, सब्जा खा. थोडं पांढरं जाणं नॉर्मल असतं हो, पण रंग हिरवट-पिवळा झाला, वास यायला लागला, खाज, संबंधाच्या वेळी ओटीपोटात दुखणं, मधल्या दिवसांत रक्ताचे डाग, यातलं काहीही असेल तर सब्जा बाजूला ठेवा आणि दाखवा. पुरुषांनी लघवीला जळजळ, पू, अंडकोषात दुखणं, शिश्नावर फोड किंवा जखम, जांघेत अवधाण यातलं काही दिसलं तर. आणि न दुखणारी जखम असेल तर जास्त घाबरा असं मी म्हणेन, कारण सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही, साधारण तीन आठवड्यांनी येते आणि काही आठवड्यांत औषधाशिवाय आपली आपण भरून पण निघते. भरली म्हणजे गेला असं नाही, तो रक्तात उतरलेला असतो. जखम असेल तेव्हाच जा, भरायची वाट बघू नका, हर्पिसचे फोड असतील तर फोडातलं पाणी ताजं असतानाच स्वॅब घेता येतो.

कुठली टेस्ट करायची हे तुमच्या त्या कागदावरची दुसरी ओळ सांगते. रक्तातून चार गोष्टी कळतात, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी म्हणजे एचबीएसएजी, आणि हिपॅटायटिस सी. या चारही सगळ्यांनी करा. गनोरिया, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास हे रक्तात दिसत नाहीत, त्याला पुरुषांची लघवी नाहीतर बायकांचा योनीतला स्वॅब लागतो. आणि हे कुणी सांगत नाही, तोंडाने संबंध आला असेल तर घशाचा स्वॅब, गुदद्वारातून आला असेल तर तिथला स्वॅब वेगळा घ्यावा लागतो, घशात गनोरिया असताना लघवीचा रिपोर्ट एकदम स्वच्छ येऊ शकतो. गे आणि बायसेक्शुअल मुलांनी हे डॉक्टरला स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा धाक सप्टेंबर २०१८ पासून राहिलेला नाही, तुम्ही काही गुन्हा कबूल करत नाही आहात, तुम्ही फक्त टेस्ट नेमकी कुठली करायची ते सांगताय. मुंबईत असाल तर हमसफर ट्रस्टसारख्या संस्था आहेत जिथे हे सगळं सांगताना कुणी भुवई उंचावत नाही.

लघवीच्या सॅम्पलबद्दल नीट वाचा कारण इथेच लोक चुकतात. नेहमीच्या लघवीच्या तपासणीला आपण मधली धार देतो ना, इथे उलटं, पहिली धार हवी असते. टेस्टच्या आधी किमान एक तास, जमलं तर दोन तास लघवीला जायचं नाही, आणि सुरुवातीचे वीस-तीस मिली तेवढेच डबीत घ्यायचे, डबी काठोकाठ भरायची नाही. आधी तो भाग साबणाने धुवू नका. रक्तासाठी उपाशी राहायची गरज नाही, पोहे खाऊन गेलात तरी चालतं. बायकांनी पाळीत जास्त रक्त जात असेल तेव्हा स्वॅब पुढे ढकला, रक्ताची टेस्ट कधीही चालते. दोन दिवस आधीपासून आत क्रीम, गोळी, व्हीवॉश असलं काही नको. मशीन आत घालून तपासणार का ही भीती असेल, लग्न न झालेल्या मुलींना ती असतेच, तर विचारा की स्वॅब मी स्वतः घेऊ का. बाथरूममध्ये जाऊन कापसाची काडी साधारण दोन इंच आत फिरवून घ्यायची, तेवढंच, आणि तसा घेतलेला स्वॅबही टेस्टला तितकाच चालतो.

लॅबवाले पॅनेल विकतात, एसटीडी प्रोफाइल बेसिक, ॲडव्हान्स, फुल बॉडी प्लस असं काय काय. पैसे असतील तर पीसीआरचं पॅनेल चांगलं असतं, काही हजारांत जातं. व्हीडीआरएल मात्र काहीशे रुपयांत होते. पण हर्पिसची रक्तातली आयजीएम टेस्ट पॅनेलमध्ये घुसवलेली असेल तर ती सोडा, फोड नसताना त्या टेस्टमधून कामाचं काही कळत नाही, उलट उगाच पॉझिटिव्ह येऊन माणूस महिनाभर रडत बसतो. एचपीव्ही म्हणजे गुप्तांगावर मस आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर करणारा विषाणू, पुरुषांसाठी त्याची रोजच्या वापरातली टेस्ट नाहीये, मस बघूनच ओळखतात. बायकांसाठी पॅप स्मिअर आणि एचपीव्ही डीएनए टेस्ट आहे, आणि लस तर आपल्या पुण्याच्या सीरमने पण काढलीय, सर्व्हाव्हॅक, २०२३ च्या जानेवारीत आली. ज्यांना वय-बजेट जमतंय त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्याच.

आता कुठे जायचं. माझं मत विचाराल तर पहिली टेस्ट सरकारी आयसीटीसीतच करा. जिल्ह्याचं सिव्हिल, उपजिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज, मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळीचं जीएमसी, सगळीकडे हे केंद्र असतं. पाटीवर एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र लिहिलेलं असतं. एचआयव्हीची टेस्ट मोफत. बाकी आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, बऱ्याचदा स्किन ओपीडीला नाहीतर बायकांच्या ओपीडीला जोडलेलं, पाटीवर त्वचा व गुप्तरोग असंही असू शकतं. तिथे लक्षणांवरून औषधांची रंगीत पाकिटं देतात, पू येत असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला इन्फेक्शन असेल तर राखाडी, योनीतून पांढरं जात असेल तर हिरवं, तेही मोफत. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत, मेडिकल कॉलेज आणि महापालिकेच्या हॉस्पिटलांत थोडेफार लागू शकतात. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ ला फोन लावा, टोल फ्री आहे, नाव सांगायची सक्ती नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तोंडाला ओढणी बांधून गेले होते. केसपेपरच्या खिडकीवर "कुठला विभाग" विचारलं तर माझा आवाजच फुटेना, मग मी हळूच आयसीटीसी म्हटलं, त्या माणसाने मान वर न करता शिक्का मारला आणि "डावीकडे, शेवटची खोली" म्हणाला. बाहेर बाकावर बघते तर निम्म्या बायका पोटुशा, कारण गरोदरपणात प्रत्येकीची एचआयव्ही टेस्ट तिथेच होते. एक नऊवारीतल्या आजी सुनेला घेऊन आल्या होत्या, त्यांनी सरकून मला जागा दिली, थोड्या वेळाने पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारलं, "कितवा लागलाय गं?" मी काहीतरी पुटपुटले. पण मला तेव्हा आतून एकदम मोकळं वाटलं, की इथे मी वेगळी दिसतच नाहीये, या आजी, ती सून, तो कोपऱ्यात फोन बघत बसलेला रिक्षावाला, टीबीचा पेशंट म्हणून पाठवलेले ते काका, सगळे एकाच कामाला आलोय. ओढणी काढली मी तिथेच.

आत काय होतं ते सांगते म्हणजे भीती कमी होईल. छोटी खोली, टेबलावर लाकडी लिंगाचं मॉडेल, कंडोमची खोकी, एक मोठं रजिस्टर. समुपदेशक मॅडम दार लावून घेतात. नाव, वय, पत्ता, फोन विचारतात आणि मग संबंधांबद्दल विचारतात, किती जोडीदार, कंडोम वापरला का, सुईने नशा केली का. खरं सांगा. त्यांनी दिवसभरात सगळं ऐकलेलं असतं. मग त्यांनी मला विचारलं, "ताई, समजा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर पहिल्यांदा कोणाला सांगाल?" या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती, बहिणीचं नाव घेताना मला रडू आलं. त्यांनी थांबू दिलं. तुम्ही जायच्या आधी या एका प्रश्नाचा विचार करून जा, एक माणूस मनात ठरवून जा. मग संमतीच्या कागदावर सही, शेजारच्या टेबलावर दंडातून थोडं रक्त, आणि थोडा वेळ बाहेर बसायचं, बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी रिपोर्ट मिळतो. पहिली टेस्ट निगेटिव्ह तर निगेटिव्ह. पहिली रिॲक्टिव्ह आली तर त्याच सॅम्पलवर अजून दोन वेगळ्या किटने तपासतात आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणून सांगतात. रिपोर्ट हातात कोंबून पाठवत नाहीत, परत आत बोलवून समजावून देतात.

खासगी लॅबमध्ये हे बोलणं होत नाही, हा मोठा फरक. एका लॅबमध्ये काउंटरवरच्या मुलीने वेटिंगमधल्या पंधरा जणांसमोर मोठ्याने विचारलं होतं, "एचआयव्ही, व्हीडीआरएल कोणाचं आहे?" मी उठून तिच्याजवळ गेले आणि हळू पण स्पष्ट सांगितलं की हे असं ओरडणं कायद्यात बसत नाही. खरंच बसत नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्याप्रमाणे तुमच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्हीची टेस्ट करता येत नाही, तुमचा रिपोर्ट तुमच्या परवानगीशिवाय कुणाला सांगता येत नाही, आणि नोकरी देण्यासाठी ही टेस्ट करा अशी अट घालता येत नाही. हा कायदा सहज नाही मिळालेला. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केलं, त्यातून तो पॉझिटिव्ह आहे हे कळलं, आणि पोलिसांकरवी त्याला उचलून दोन महिन्यांवर कोंडून ठेवलं होतं. त्याची आई कोर्टात गेली. आज मी लॅबच्या काउंटरवर आवाज काढू शकते ते अशा लोकांमुळे, म्हणून मी प्रत्येक वेळी काढते. घरी सॅम्पल घ्यायला माणूस बोलवणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा की पावतीवर, मेसेजवर टेस्टचं नाव नको, आणि घरचा नंबर, नवऱ्याचा ईमेल देऊ नका.

डॉक्टरांचं पण एक. "लग्न झालंय का?" असं विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात की काही डॉक्टर पुढचं विचारतच नाहीत, म्हणजे टेस्ट पण लिहून देत नाहीत. तेव्हा वाट न बघता सरळ म्हणा, "डॉक्टर, माझे संबंध आलेत, मला एसटीआयची तपासणी करायचीय." हे वाक्य घरी आरशासमोर दोन-तीनदा म्हणून जा. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर बाजूला नर्स किंवा मावशी हव्यात असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. अजून अठरा पूर्ण नसतील तर सरकारी दवाखान्यातल्या मैत्री क्लिनिकला जाऊन बोला, पण तिथे एचआयव्ही टेस्टला पालकांची संमती लागते आणि कायद्यामुळे काही गोष्टी कळवणं त्यांना भाग असतं हे माहीत असू द्या. रेल्वेच्या भिंतींवर आणि एसटी स्टँडच्या मुतारीत ज्यांच्या जाहिराती असतात त्या "गुप्तरोग तज्ज्ञां"कडे मात्र कृपा करून जाऊ नका, तिथे धात आणि कमजोरीच्या नावाखाली हजारो रुपये जातात आणि सिफिलिस तसाच राहतो.

रिपोर्ट आला की काय बघायचं. नॉन रिॲक्टिव्ह म्हणजे निगेटिव्ह. व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह असेल तर शेजारी १:८, १:३२ असा आकडा असतो, तो जपून ठेवा. व्हीडीआरएल कधी कधी गरोदरपणात, मलेरियात, काही संधिवाताच्या आजारांत खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणून टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी टेस्ट करून पक्कं करतात. पक्कं झालं तर लवकरच्या टप्प्यातल्या सिफिलिसला बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन एकदा दिलं की बहुतेकांचं काम होतं, कमरेत दुखतं दोन दिवस, बस. मग सहा ते बारा महिन्यांत परत व्हीडीआरएल, आकडा चौपटीने उतरला पाहिजे, म्हणजे १:३२ चा १:८ तरी. टीपीएचए मात्र बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्ह राहते, पुढे कुठे दिसली तर घाबरू नका, जुने कागद दाखवा. एचबीएसएजी निगेटिव्ह असेल तर लगेच लस घ्या, शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस, बाळांना ही लस सरकारकडून देशभर मिळायला लागली ती २०११ पासून, म्हणजे आज मोठे असलेल्या आपल्यापैकी खूप जणांना ती मिळालेलीच नाही. पॉझिटिव्ह असेल तर घाबरून झाडपाल्याच्या मागे लागू नका, हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात औषधं मोफत आहेत.

आणि एचआयव्ही पॉझिटिव्ह आला तर. मला माहितीये की हे वाक्य वाचतानासुद्धा पोटात खड्डा पडतो. पण आज दिवसाला एक गोळी आहे, एआरटी सेंटरवर मोफत, २००४ पासून सरकार ही औषधं देतंय. गोळी रोज घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, सापडणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, मुलं होतात, निगेटिव्ह मुलं होतात, माणूस नोकरी करतो, म्हातारा होतो. त्या दिवशी एकटे घरी जाऊ नका, ज्याचं नाव मनात ठरवलं होतं त्याला फोन करून बोलवा. आणि एआरटीची नोंदणी त्याच आठवड्यात करा.

राहिलं जोडीदाराला सांगणं, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच थांबतात. न सांगता फक्त स्वतः औषध घेतलं तर तोच आजार परत तुमच्याकडे येऊ शकतो, पिंगपाँगसारखा. भांडण करायला फोन करू नका, कोणाकडून कोणाला आलं हे बऱ्याचदा कळतच नाही, क्लॅमिडिया महिनोन्‌महिने गप्प बसलेला असतो. मेसेज पुरतो. मी एका मैत्रिणीला असा लिहून दिला होता, "माझी टेस्ट झाली, क्लॅमिडिया निघालाय. औषधाने बरा होतो. तुला काही त्रास नसला तरी तू पण या आठवड्यात टेस्ट करून औषध घे, तोपर्यंत आपण थांबू. भांडायचं नाहीये, फक्त सांगायचं होतं." तिने तो दुपारभर टाइप करून पुसला, परत टाइप केला, संध्याकाळी पाठवला. तासाभराने त्याचं उत्तर आलं, "कुठे जाऊ?" तिने त्याला सिव्हिलचा खोली नंबर पाठवला.

दोघांचं औषध पूर्ण झाल्यावर सात दिवस संबंध नाही, कंडोम लावूनही नाही. मग तीन महिन्यांनी दोघांची परत एकदा टेस्ट, गनोरिया-क्लॅमिडिया परत होणं फार कॉमन आहे म्हणून. पार्टनर बदलत असतील तर वर्षातून एकदा तरी सगळं तपासा, जास्त जण असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी. आयसीटीसीतून निघताना मॅडम कंडोमचं पाकीट पुढे करतात ते घ्या, मोफत असतं, पर्समध्ये राहू द्या.